शाखेत पाणी शिरले, तर खातेदारांनी जायचे कुठे?

सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावातून एका बँक शाखेच्या व्यवस्थापक लिहितात :

“गेल्या वर्षी बदली होऊन मी या शाखेत आले. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत इथे पाणी शिरले होते आणि शाखा बरेच दिवस बंद होती. तेव्हा मी इथे नव्हते. तरीही काउंटरवर एखादे आजोबा ‘पुरात तुम्ही कुलूप लावून निघून गेला होता’ असे आजही सुनावतात आणि मला त्यावर काही बोलता येत नाही. आपत्ती योजनेची जाडजूड फाईल माझ्याकडे आहे. तीत बॅटऱ्या, तिजोरी, विमा, संगणक सगळे आहे. खातेदारांविषयी मात्र ‘जवळच्या शाखेतून सेवा द्यावी’ एवढेच वाक्य आहे. आमची जवळची शाखा नदीच्या पलीकडे आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. मी नेमके काय करावे?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : जवळची शाखा नदीच्या पलीकडे आहे. पूर चढू लागला की आधी पूल बंद होतो, मग गावात पाणी येते. म्हणजे फाईलमधल्या त्या एका वाक्याची गरज पडेल, नेमके त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरेल. म्हणून पहिले काम असे करा, की नकाशा समोर ठेवून नदीच्या तुमच्याच बाजूची, उंचावरची, दोन्ही महापुरांत जिचा रस्ता चालू राहिला अशी आपल्या बँकेची शाखा शोधा. ती पंचवीस किलोमीटरवर असली तरी चालेल. रस्ता कोणता चालू राहिला होता हे कार्यालयातल्या कागदांवरून कळणार नाही, ते एस.टी.च्या चालकांना, दूध संकलनाच्या टेम्पोवाल्यांना आणि गावच्या पोलीस पाटलांना ठाऊक असते. त्या शाखेच्या व्यवस्थापकांशी आजच बोला आणि हे बोलणे दोघांच्या सहीनिशी कागदावर आणा, कारण तुमची किंवा त्यांची बदली झाली तर तोंडी समजूत तुमच्याबरोबरच निघून जाईल.

आता त्या आजोबांविषयी. शाखा बंद झाली म्हणून सगळ्याच खातेदारांचे सारखे अडत नाही. व्यापाऱ्याचे, शिक्षकाचे, नोकरदाराचे पैसे मोबाईलवरून हलतात. फार तर दोन दिवस त्यांची गैरसोय होते आणि तेही तक्रार करतात, ती योग्यच असते. परंतु संजय गांधी निराधार योजनेची किंवा श्रावणबाळ योजनेची रक्कम घेणारी वृद्ध माणसे, एटीएम कार्ड कधीच न वापरलेले निवृत्तिवेतनधारक, स्लिपवर अंगठा उठवणाऱ्या स्त्रिया, दूध बिलावर घर चालवणारी कुटुंबे यांच्या दृष्टीने शाखेचा काउंटर म्हणजेच बँक असते. काउंटर बंद म्हणजे औषध बंद, किराणा बंद. पुरात घरातले धान्य भिजलेले असते आणि उधारी देणारा दुकानदारही स्वतः बुडालेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आजोबांचा राग इतकी वर्षे का टिकला, ते कळते. माझे स्पष्ट मत असे आहे, की शाखेच्या आपत्ती योजनेची सुरुवात तिजोरीपासून नव्हे, या माणसांपासून झाली पाहिजे.

त्यासाठी तुमच्याकडे एक यादी हवी. ज्या बचत खात्यांतून गेल्या वर्षभरात कार्डावर किंवा मोबाईलवर एकही व्यवहार झालेला नाही आणि सगळे पैसे स्लिपवरच काढले गेले, अशी खाती प्रादेशिक कार्यालयाच्या संगणक विभागाकडून काढून मागवा. त्यात सत्तरीच्या पुढचे, अंगठा लावणारे, दिव्यांग आणि नियमित औषधोपचार चालू असलेले लोक वेगळे करा. आजारपणाची माहिती संगणकात नसते. ती तुमच्या रोखपालाला आणि शाखेतल्या जुन्या शिपायाला असते, म्हणून त्या दोघांना घेऊन एक दुपार बसा. वाडीवार नावे लिहा आणि प्रत्येक नावापुढे शेजाऱ्याचा किंवा नातलगाचा दूरध्वनी क्रमांक टिपा, कारण पुरात माणूस घरी नसतो, छावणीत किंवा पाहुण्यांकडे असतो. यादीत खात्यातली शिल्लक लिहू नका, आणि ती तुमच्या व उपव्यवस्थापकांच्या ताब्यातच राहू द्या.

यादी झाली की एक अडचण लगेच समोर येईल, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथेच आहे. बँकेची सर्व खाती एकाच संगणकप्रणालीत आहेत, त्यामुळे कोणत्याही शाखेत व्यवहार होतो, असे आपण खातेदारांना सांगतो. हे अर्धेच खरे आहे. धनादेश किंवा कार्ड असेल तर अडचण नसते. पण पैसे काढण्याच्या साध्या स्लिपवर मूळ शाखेबाहेर रक्कम देण्याला बहुतेक बँकांत मर्यादा असते आणि काही ठिकाणी तशी रक्कम देतच नाहीत. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच दुसऱ्या शाखेच्या खिडकीवरून ‘तुमच्या शाखेत जा’ असे उत्तर मिळते आणि ती शाखा पाण्यात असते. ही मर्यादा बँकेने स्वतः घातलेली असते, त्यामुळे ती बँकेला वाढवताही येते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, भारतीय स्टेट बँकेने मूळ शाखेबाहेर स्लिपवर काढता येणारी रक्कम तात्पुरती वाढवून दिवसाला २५,००० रुपये केली होती. तेव्हा देशभर निर्णय झाला. तुम्हाला हवा आहे तो एका तालुक्यापुरता आणि पुरापुरता. ‘आमची शाखा पुरामुळे बंद झाल्याचे जाहीर होताच अमुक शाखेने आमच्या खातेदारांना पासबुक व स्लिप घेऊन दिवसाला अमुक रकमेपर्यंत पैसे द्यावेत’ अशी मंजुरी प्रादेशिक कार्यालयाकडून आताच लेखी घेऊन ठेवा. पाणी चढल्यावर ही मंजुरी मागायला गेलात, तर ज्यांनी सही करायची ते साहेब बैठकीत असतील आणि तुमचा दूरध्वनी लागत नसेल.

मंजुरी मिळाली तरी दुसऱ्या शाखेतला अधिकारी सही पडताळल्याशिवाय पैसे देणार नाही, आणि त्याने देऊही नयेत. इथे जुन्या खात्यांचा प्रश्न येतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उघडलेल्या कित्येक खात्यांची नमुना सही कार्डावरच राहिलेली असते. ती स्कॅन झालेली नसते, किंवा झाली असली तरी इतकी पुसट असते, की पडद्यावर नुसता करडा डाग दिसतो. अंगठा लावणाऱ्यांच्या खात्यावर छायाचित्र नसते, किंवा तरुणपणीचे असते. तुमच्या यादीतले प्रत्येक खाते उघडून पाहा आणि ज्याची सही किंवा छायाचित्र नीट दिसत नाही, त्याला पुढच्या वेळी काउंटरवर आला की थांबवून ते काम पुरे करा. हे कंटाळवाणे काम आहे, याची मला कल्पना आहे. परंतु पुराच्या तिसऱ्या दिवशी एखाद्या आजींना पाचशे रुपये मिळणार की नाही, हे या एका स्कॅनवर ठरते. त्यातून राहिलेल्यांसाठी तुमच्या शाखेतली दोन माणसे त्या दुसऱ्या शाखेत जाऊन बसतील अशी व्यवस्था करा. रोखपाल आणि शिपाई यांना गाव चेहऱ्याने ओळखते आणि तेही गावाला ओळखतात. ओळख पटवण्याच्या कामी त्यांच्याइतका उपयोग कोणत्याही यंत्राचा होत नाही.

शाखा बंद कधी करायची, हे पाणी दारात आल्यावर ठरवू नका. तुमच्या भागात पाण्याची भाषा फुटांत चालते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, हे तिथल्या शाळकरी मुलालाही सांगता येते. कोयनेतून विसर्ग वाढवला, की किती तासांनी तुमच्या गावच्या घाटाच्या पायऱ्या बुडतात, याचे गणित जुन्या माणसांकडे पक्के असते. त्यावरून तुमच्या शाखेच्या तीन पायऱ्या ठरवा : किती फुटांवर खातेदारांना सांगायला सुरुवात करायची, किती फुटांवर रोकड व कागद हलवायचे आणि किती फुटांवर शटर ओढायचे. पहिली पायरी सर्वांत खाली ठेवा. इशारा पातळीच्याही आधी ‘पुढचे चार-सहा दिवस शाखा बंद राहू शकते, औषधापुरते व किराण्यापुरते पैसे आज काढून ठेवा’ असे तुम्ही ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून सांगितले आणि पाणी आले नाही, तरी काही बिघडत नाही. फाजील काळजी घेतली म्हणून कुणी तुम्हाला पाच वर्षे बोल लावणार नाही.

शटर ओढण्यापूर्वीच्या कामांत एक काम हमखास राहून जाते, ते म्हणजे धनादेशांची पेटी. ती रिकामी करा, आतल्या धनादेशांची यादी करा आणि ते चालू शाखेकडे पाठवा. धनादेशाची मुदत तीन महिन्यांचीच असते, आणि भिजून लगदा झालेल्या धनादेशासाठी खातेदाराला पुन्हा देणेकऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. रोकडीबाबत जादा रक्कम करन्सी चेस्टकडे, म्हणजे नोटांच्या मध्यवर्ती साठ्याकडे, पाठवणे हा नियम तुम्हाला माहीत आहेच. माझा आग्रह एवढाच, की सगळीच रक्कम परत पाठवून हात झाडू नका. तुमच्या खातेदारांसाठी लागणारी रोकड त्या साथीदार शाखेकडे आधीच पोहोचेल असे पाहा. तिथला नेहमीचा साठा तिथल्या खातेदारांच्या हिशेबाने असतो आणि तुमची गर्दी पोहोचताच तो दुपारपर्यंत संपतो. नोटा शंभर आणि दोनशेच्या अधिक मागवा, कारण पूरग्रस्त गावात पाचशेची मोड कुणाकडे नसते.

याच संदर्भात एक गोष्ट ठामपणे सांगतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा एस.टी. आगारातील अधिकारी आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले होते. त्यांच्या निष्ठेबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण तुमच्या शाखेत तशी वेळ कुणावरही येता कामा नये. बँकेच्या रोकडीचा विमा असतो. पाण्याने तिसरी पायरी गाठली, की किल्ल्या ज्यांच्या संयुक्त ताब्यात आहेत ते दोघे वेगवेगळ्या सुरक्षित ठिकाणी असले पाहिजेत आणि एकही कर्मचारी इमारतीत राहता कामा नये, असा लेखी आदेश तुम्हीच काढून ठेवा. तुमच्या कर्मचाऱ्यांपैकी काहींची घरेही त्याच पाण्यात असतील. त्यांना आधी घर हलवायला सोडा आणि त्यांच्या जागी बाहेरून कोण येणार, हे प्रादेशिक कार्यालयाला आताच विचारून ठेवा.

आता शटरवरच्या सूचनेविषयी, कारण ‘कुलूप लावून निघून गेला’ ही भावना तिथेच जन्म घेते. ‘अपरिहार्य कारणास्तव शाखा बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ अशा दोन ओळी आपल्याकडे चिकटवल्या जातात. त्यांतून खातेदाराला काहीही कळत नाही, आणि जे कळत नाही ते तो स्वतःच्या भीतीतून भरून काढतो. महाराष्ट्रात बंद शटरची भीती निराधार नाही. २०१९ चा महापूर ओसरल्यावर काही आठवड्यांतच, सप्टेंबरमध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. शाखांबाहेर रडणारी माणसे घराघरांत टीव्हीवर दिसली. तेव्हापासून शटर खाली दिसले, की ‘बँक बुडाली का?’ हा प्रश्न मनात येतोच. पाण्याने बंद झालेली शाखा आणि आर्थिक निर्बंधांमुळे अडकलेली बँक या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना तुम्हीच स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मी सूचना लिहिली असती, तर अशी :

“पुराच्या पाण्यामुळे ही शाखा आज सोमवार दुपारपासून बंद आहे. तुमच्या ठेवी सुरक्षित आहेत. त्यांच्या नोंदी या इमारतीत नसून बँकेच्या मध्यवर्ती संगणकात आहेत. पैसे काढण्यासाठी उद्या सकाळी दहापासून अमुक शाखेत यावे. पासबुक आणावे, पासबुक नसेल तर आधार कार्ड आणावे, दोन्ही वाहून गेले असल्यास तसेच यावे, आमचे कर्मचारी तिथे तुम्हाला ओळखतील. अमुक छावणीत आमचे बँकमित्र (यंत्रावर पैसे देणारे बँकेचे प्रतिनिधी) रोज दुपारी येतील. पुढची सूचना गुरुवारी सकाळी याच जागी व ग्रामपंचायतीत लावली जाईल. बँकेचा कोणीही माणूस तुम्हाला ओटीपी किंवा पिन विचारणार नाही.”

खाली तुमचे नाव आणि खरोखर उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक लिहा. सूचना मोठ्या अक्षरांत छापून, प्लास्टिकमध्ये घालून शटरवर, बस स्थानकावर, ग्रामपंचायतीत, रेशन दुकानात आणि प्रत्येक छावणीच्या दारावर लावा. शटर पाण्यात गेले तर ती सूचना वाचणार कोण, म्हणून बाकीच्या जागा अधिक महत्त्वाच्या आहेत. तारखेचे वचन दिलेत तर ते पाळा. गुरुवारी सांगण्यासारखे काही नसले, तरी ‘अजून पाणी उतरलेले नाही, पुढची सूचना शनिवारी’ एवढे तरी लावाच. शेवटच्या वाक्याचेही कारण आहे. शाखा बंद असल्याची बातमी ठगांपर्यंत तितक्याच लवकर पोहोचते आणि ‘केवायसी केले नाही तर अनुदान परत जाईल’ असे फोन सुरू होतात. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हेही छावण्यांतून सांगत राहा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत मोबाईलवर फार भरवसा ठेवू नका. महापुरात महावितरण सुरक्षिततेसाठी वीज तोडते, टॉवरच्या बॅटऱ्या संपतात आणि एकदा रेंज गेली, की यूपीआय, एटीएम, बँकमित्राचे यंत्र सगळेच एकदम थांबते. म्हणून छावणीसाठी बँकमित्र नेमताना एकाऐवजी दोन कंपन्यांची सिमकार्डे, भरलेली बॅटरी आणि छावणीत कोणत्या कोपऱ्यात रेंज येते याची आधी पाहणी, इतके तरी हवे. आधारवर पैसे देताना बोटांचा ठसा लागतो. शेतात राबून झिजलेली आणि चार दिवस पाण्यात भिजून सुरकुतलेली बोटे यंत्र ओळखत नाही. तिथे बँकमित्राने ‘होत नाही’ म्हणून माणसाला परत पाठवू नये. दहाही बोटे कोरडी करून पाहावीत, आणि तरीही जमले नाही तर नाव टिपून तुम्हाला कळवावे, म्हणजे साथीदार शाखेतून त्याची सोय करता येईल. तुमच्या टपाल कार्यालयाशीही बोलून ठेवा. २०१८ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सेवा सुरू आहे आणि आधारशी जोडलेले खाते कोणत्याही बँकेत असले, तरी पोस्टमन त्यातून पैसे काढून देऊ शकतो. गावातली घरे पोस्टमनला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली माहीत असतात.

प्रणाली बंद असताना पासबुकातली शेवटची नोंद पाहून थोडी रक्कम द्यावी का, असा प्रश्न तुमच्या मनात नक्की येईल. समोर रडणारी बाई आणि हातात ओले पासबुक असेल, तेव्हा नाही म्हणणे फार कठीण जाते. तरीही स्वतःच्या अधिकारात तसे करू नका. त्याऐवजी तशा देण्याला किती रकमेपर्यंत, कोणाच्या सहीने आणि कोणत्या नोंदवहीत परवानगी असेल, हे आधीच्या मंजुरीच्या पत्रातच विचारून घ्या. परवानगी मिळाली तर निःशंक मनाने द्या.

पाणी उतरल्यावरही तुमची इमारत लगेच वापरता येणार नाही. चिखल, ओलसर भिंती आणि वीजवाहिन्या यांत आठवडे जातात. रिझर्व्ह बँकेने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी नैसर्गिक आपत्तीविषयी जे एकत्रित निर्देश काढले, त्यांत आपत्तीग्रस्त शाखा तात्पुरत्या जागेतून चालवण्याची मुभा दिली होती. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवावे लागत होते, आणि तीस दिवसांपुढे ती जागा वापरायची असेल तर खास मंजुरी घ्यावी लागत होती. फिरत्या वाहनातून सेवा देणे, एटीएम लवकर सुरू करणे, मुदतठेव आधी मोडल्याचा दंड माफ करणे, हप्ता उशिरा आल्यास शुल्क न लावणे यांचाही विचार बँकांनी करावा, असे त्यांत म्हटले होते. नंतरच्या काळात नियमांची पुनर्रचना झाली आहे, म्हणून मुख्य कार्यालयाचे सध्याचे परिपत्रक हाताशी ठेवा. जागा निवडताना शाळा आणि मंगल कार्यालय यांवर विसंबू नका. त्यांच्या छावण्या होतात. बाजार समितीतला उंचावरचा गाळा किंवा विकास सोसायटीचे वरच्या मजल्यावरचे कार्यालय पाहून ठेवा आणि पदाधिकाऱ्यांशी आताच बोलून घ्या.

ज्यांची सगळी कागदपत्रे वाहून गेली, त्यांच्याविषयी त्याच निर्देशांतली तरतूद आणि तिचे सध्याचे रूप प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असू द्या : ओळखपत्र नसलेल्या आपत्तीग्रस्ताचेही नवे खाते, छायाचित्र आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा एवढ्यावर उघडता येत होते, शिल्लक ५०,००० रुपयांच्या आणि वर्षभरातली एकूण जमा एक लाखाच्या आत असावी, किंवा मदतीची रक्कम त्याहून मोठी असेल तर ती, एवढीच मर्यादा होती. सरकारी सानुग्रह अनुदान खात्यात जमा होते, आणि घरातल्या कर्त्या बाईच्या नावे खातेच नसेल तर ते अडते. तात्पुरत्या जागेत पहिल्या दिवसापासून यासाठी एक वेगळे टेबल ठेवा.

अनुदान जमा झाल्याची बातमी येताच गर्दी उसळेल. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत जनधन खात्यांत महिलांचे पाचशे रुपये जमा झाले, तेव्हा खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून दिवस वाटून दिले होते : ३ एप्रिलला शून्य आणि एक, ४ एप्रिलला दोन आणि तीन, असे. ही पद्धत तुमच्या गावात वाडीवार वापरा. खाते क्रमांकाचा अंक सगळ्यांना सांगता येत नाही, वाडीचे नाव सांगता येते. मात्र तुमच्या त्या पहिल्या यादीतल्या माणसांना दिवस लावू नका. ती कधीही आली तरी त्यांचे काम झाले पाहिजे, आणि जी येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे तुमचा माणूस गेला पाहिजे.

भिजलेल्या नोटा घेऊन लोक येतील. त्या मळक्या किंवा फाटक्या असतील तर बदलून देणे हे तुमचे कर्तव्य आहे. एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेल्या आणि हात लावताच तुटणाऱ्या नोटा मात्र शाखेत घेता येत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम (नोटा जारी करणाऱ्या) कार्यालयात सादर कराव्या लागतात. हे सांगताना त्या माणसाला मुंबईचा पत्ता देऊन वाटेला लावू नका. अर्ज लिहून द्या. आणि नोटा उन्हात वाळवू नका, वेगळ्या करायला ओढू नका, हे पूर उतरताच गावभर सांगा, म्हणजे निम्मे नुकसान टळेल.

लॉकरचा विषय नाजूक आहे. १८ ऑगस्ट २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे, ज्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे झालेल्या नुकसानीला बँक वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत जबाबदार असते; पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीतील नुकसानीला ती जबाबदार नसते. मात्र त्याच सूचनांत जागेची योग्य काळजी घेण्याचे बंधन बँकेवर आहे. दोनदा बुडालेल्या खोलीत खालच्या रांगेतले लॉकर तिसऱ्यांदा भाड्याने देणे याला मी योग्य काळजी म्हणणार नाही. त्या रांगा रिकाम्या ठेवण्याची परवानगी मागा. मिळाली नाही, तर निदान लॉकरधारकांना पावसाळ्यापूर्वी पत्र पाठवून खरेदीखत, इच्छापत्र, मुदतठेवीच्या पावत्या वरच्या मजल्यावर घरी न्यायला सांगा. पूर उतरल्यावर प्रत्येक धारकाला तुम्ही स्वतः दूरध्वनी करा. लॉकर त्यांच्या समोरच, कुलूप कंपनीच्या कारागिराला बोलावून उघडा, आणि काय झाले ते आधी सांगा; लॉकरमधले पाणी त्यांना अचानक दिसता कामा नये.

सोनेतारणाचे मात्र वेगळे आहे, ते दागिने बँकेच्याच ताब्यात असतात. सोने पाण्याने खराब होत नाही. पाकिटावरची चिठ्ठी होते. चिठ्ठी विरघळलेली दोन सारखी मंगळसूत्रे टेबलावर समोरासमोर ठेवून कोणते कुणाचे हे ठरवण्याची पाळी येऊ नये, म्हणून प्रत्येक पाकिटात क्रमांक कोरलेली छोटी धातूची पट्टी किंवा प्लास्टिकची खूण टाका आणि दागिन्यांची छायाचित्रे खात्याशी जोडून ठेवा. घरकर्जाची मूळ खरेदीखते तर पावसाळ्यापूर्वीच उंचावरच्या शाखेत हलवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या सूचनेप्रमाणे मूळ कागद बँकेकडून खराब झाले, तर खातेदाराला नक्कल मिळवून देण्याचा खर्च बँकेला सोसावा लागतो, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातल्या फेऱ्या खातेदाराच्या वाट्याला येऊ नयेत हे अधिक महत्त्वाचे.

या साऱ्या कामांत क्रम हवा असेल, तर स्लिपच्या मर्यादेचे आणि पासबुकावरील देण्याचे पत्र याच आठवड्यात प्रादेशिक कार्यालयाला पाठवा. त्याची एक प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना आणि एक तहसीलदारांना द्या. पावसाळ्यापूर्वीच्या जिल्हा सल्लागार समितीच्या (जिल्ह्यातील बँका आणि प्रशासन यांच्या समितीच्या) बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती त्यात करा, कारण तुमच्या गावातल्या दुसऱ्या बँकेच्या शाखेलाही हीच अडचण आहे आणि छावणीत बँकमित्र पाठवताना तुम्ही दोन्ही शाखांनी वार वाटून घेतलेत, तर लोकांना आठवडाभर रोज कुणीतरी भेटेल. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर पत्र घेऊन स्वतः जा. सोबत ती यादी न्या आणि नावे वाचून दाखवा.